साठी, बुद्धी आणि स्मृती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ती खरी की खोटी हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. घरातील वडीलधारे एकच प्रश्न दोनदा विचारू लागले की आपण हसून ही म्हण उच्चारतो. विसर वाढत गेला की ‘म्हातारचळ’ म्हणतो आणि पाठ फिरवतो. गेल्या सव्वाशे वर्षांतील मेंदूच्या संशोधनाने या म्हणीची चांगलीच उलटतपासणी केली आहे. तिचा एक साक्षीपुरावा मात्र त्याआधीच आपल्या नगर जिल्ह्यात वावरून गेला होता.

तो पुरावा म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या या मुलीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. कोवळ्या वयात नारायण वामन टिळकांशी तिचा विवाह झाला आणि अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या आग्रहाने. टिळकांनी १८९५ साली, तर लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या दांपत्याच्या संसाराची कितीतरी वर्षे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथे गेली. ते प्रॉटेस्टंट मिशनचे. पण त्यांची आठवण साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाची आहे.

लक्ष्मीबाई नगरला संसार मांडून होत्या त्याच सुमारास, १९०१ साली, जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे डेटर. डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. तिने आरंभ केला, पण पुढे काय लिहायचे तेच तिला आठवेना. १९०६ साली ती वारली. डॉ. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना मज्जापेशींच्या आत तंतूंचा गुंता आणि पेशींच्या अवतीभवती साचलेले पुटांसारखे थर दिसले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. सभेने फारशी दखल घेतली नाही. १९१० साली मात्र एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. म्हणीला मिळालेले हे पहिले उत्तर होय : बुद्धी केवळ वय झाले म्हणून ‘नाठी’ होत नाही. तसा ऱ्हास होतो तेव्हा त्यामागे व्याधी असते. आणि व्याधी हा कोणाचा दोष नव्हे.

दुसरे उत्तर मिळावयास बराच काळ जावा लागला. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मेंदूच्या रचनेवरील संशोधनाबद्दल मिळाले, त्यांपैकी स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी पुढे असे लिहून ठेवले की, प्रौढ मेंदूतील मार्ग ठरून गेलेले असतात. तेथे नाश संभवतो, नवनिर्मिती नाही. हे सत्य पालटवण्याचे काम त्यांनी भावी विज्ञानावर सोपवले. विज्ञानाने ते मनावर घेतले. आज आपण जाणतो की, मेंदू म्हणजे भाजून पक्के झालेले मडके नव्हे. शिकण्याने आणि सरावाने पेशीपेशींतील जोडण्या प्रौढपणीही बदलतात. यालाच मेंदूची लवचिकता म्हणतात.

या लवचिकतेचा एक सुंदर दाखला थेट आपल्या लिपीशी निगडित आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचावयास शिकवण्यात आले. शिकवणीआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, बदल केवळ मेंदूच्या बाह्य आवरणात नव्हे, तर खोलवरच्या, अतिप्राचीन समजल्या जाणाऱ्या भागांच्या परस्पर व्यवहारातही झाला होता. तिशीतील बाई पाटीवर ‘क’ गिरवते तेव्हा तिचा मेंदूही नव्याने घडत असतो. लक्ष्मीबाईंचा मेंदू कोणी तपासला नाही. परंतु त्यांच्या पाटीवर काय घडत होते, याची कल्पना आता आपल्याला करता येते.

अक्षरांचा आणि वार्धक्यातील स्मृतीचा काही संबंध असावा काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अमेरिकेतील काही धर्मभगिनींचे मोठे साहाय्य झाले. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातील भगिनींचा अभ्यास आरंभिला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ६७८ भगिनी त्यात सहभागी झाल्या. दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी देण्याचे आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचे त्यांनी मान्य केले. एकाच प्रकारचे अन्न, एकाच प्रकारची दिनचर्या, म्हणून तुलना सोपी. मठाच्या दप्तरात त्यांनी व्रतग्रहणापूर्वी, सुमारे बाविसाव्या वर्षी, लिहिलेली छोटी आत्मवृत्तेही जपलेली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती, त्यांना साठ वर्षांनंतर अल्झायमरची बाधा कमी झालेली आढळली. त्याहून विस्मयकारक म्हणजे काही भगिनींच्या मेंदूत रोगाच्या खुणा भरपूर होत्या, तरी हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. जणू त्यांच्यापाशी आयुष्यभराच्या अध्ययनाची आणि अध्यापनाची गंगाजळी होती. दुष्काळ पडला तरी तिच्यावर घर चालले. हा संबंध कार्यकारणाचाच आहे असे मात्र म्हणता येत नाही. शिकलेल्यांनाही ही व्याधी गाठतेच.

मग ज्यांना पाटीच मिळाली नाही, त्यांचे काय? भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरांतील साताहून अधिकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक आढळले. शाळा नाकारली गेली त्याची किंमत अशी म्हातारपणीही मोजावी लागते. तथापि गंगाजळी केवळ अक्षरांचीच असते असे नाही. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत व्याधीची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती, आणि हा लाभ निरक्षरांनाही मिळाला होता. २०१३ सालचा हा निष्कर्ष आपल्या आजीबाईंचा मान वाढवणारा आहे. जात्यावरच्या शेकडो ओव्या ज्यांच्या ओठांवर होत्या, त्यांना बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल?

राहुरी तालुक्यातील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले, तेव्हा या भागात वाचू शकणारे किती थोडे असतील! तरीही छापलेले मराठी पान त्यांनी खेड्यात आणले. शाळा, मासिक, गावचा मास्तर यांनी आपल्या पूर्वजांना केवळ नोकरीचा मार्ग दाखवला असे नव्हे. त्यांनी मनाची कोठारेही भरली.

लक्ष्मीबाईंनी १९१९ साली वैधव्य आल्यानंतर, वयाची पन्नाशी उलटल्यावर, टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ ६४ अध्याय रचून पुढे नेले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. साठी उलटून गेलेल्या, शाळेत न गेलेल्या स्त्रीच्या स्मृतीतून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र उभे राहिले. म्हणीचे काय करायचे ते वाचकांनीच ठरवावे.

मात्र प्रत्येक वृद्धाच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. विसर वाढताना दिसला तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा विकार किंवा ‘ब १२’ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे आलेला विसर उपचारांनी सुधारू शकतो. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. अशा घरी मुलाचे नाव विसरलेली आई संध्याकाळच्या जपमाळेत मात्र न अडखळता सूर मिळवताना दिसते. फार पूर्वी आणि वारंवार पाठ केलेले बहुधा सर्वांत शेवटी जाते. तिला ‘आठवते का?’ म्हणून परीक्षेला बसवू नये. तिच्या शेजारी बसून प्रार्थनेची पहिली ओळ आपण म्हणावी.