शिक्षक पात्रता परीक्षा गैरव्यवहार, महाराष्ट्र

पहिली ते आठवीच्या शिक्षकपदासाठी आवश्यक असलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) निकालातील फेरफाराचे प्रकरण. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा २०१३ पासून राज्यातील जिल्हा केंद्रांवर घेते.

स्वरूप : १९ जानेवारी २०२० रोजी झालेल्या परीक्षेत पैसे घेऊन अपात्र उमेदवारांचे गुण वाढवल्याचे व काहींना बनावट प्रमाणपत्रे दिल्याचे तपासात आढळले. पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली. येथे गैरप्रकार परीक्षागृहातील नकलेचा नसून निकालप्रक्रियेतला होता. म्हणून पर्यवेक्षक व भरारी पथके त्याला रोखू शकत नव्हती.

कारवाई : ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८७४ उमेदवारांची संपादणूक रद्द करून त्यांना टीईटीसाठी कायमची बंदी घातली.

कायदे : परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ चा अधिनियम आहे. केंद्रीय परीक्षांसाठीचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित साधन प्रतिबंध) अधिनियम २१ जून २०२४ रोजी अमलात आला. त्यात गैरप्रकारास ३ ते ५ वर्षे, तर संघटित गुन्ह्यास ५ ते १० वर्षे कारावास व किमान १ कोटी रुपये दंड आहे.

महत्त्व : मूळ उत्तरपत्रिका व जाहीर गुण यांची स्वतंत्र पडताळणी हाच खरा प्रतिबंध होय. खोट्या प्रमाणपत्राची किंमत प्रामाणिक उमेदवाराला आणि वर्गातल्या मुलांना मोजावी लागते.