विजेची सायकल आणि ब्रिटनचा रस्ता

नवें यंत्र निघालें म्हणजे तें सर्व देशांत सारख्याच वेगानें पसरतें, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आणि एखाद्या देशांत तें लवकर रुजलें नाहीं, तर त्याचा दोष आपण तेथील लोकांच्या स्वभावाला, हवामानाला किंवा गरिबीला देऊन मोकळे होतों. विजेच्या सायकलीचा इतिहास पाहतां ही समजूत टिकत नाहीं. पायांच्या जोराला विद्युच्छक्तीची जोड देणारी सायकल जपानांतील यामाहा कंपनीनें १९९३ सालीं बाजारांत आणली. त्यानंतरच्या तीन दशकांत जर्मनींत तिचा असा प्रसार झाला कीं, २०२३ सालीं तेथें सुमारें २१ लक्ष विजेच्या सायकली विकल्या गेल्या व त्यांनीं साध्या सायकलींस प्रथमच मागें टाकलें. हॉलंडांत तर ही गोष्ट आधींच घडून गेली होती. ब्रिटनची लोकसंख्या जर्मनीच्या सुमारें चार पंचमांश. परंतु तेथील वर्षाचा खप दीड लक्षाच्या आसपासच घुटमळत राहिला. यंत्र एकच, शेजारही एकच. मग एवढी तफावत कां, याचा विचार येथें करावयाचा आहे.

सामान्यतः जीं कारणें पुढें केलीं जातात, तीं प्रथम तपासून पाहूं. कायद्याची आडकाठी होती म्हणावें, तर ब्रिटिश सरकारनें १९८३ सालींच नियम करून, बेताच्या शक्तीच्या व ताशीं १५ मैलांपलीकडे मोटरीचा जोर न लावणाऱ्या सायकलींना परवाना, कर आणि विमा या तिन्ही जाचांतून मुक्त केलें होतें. म्हणजे तेथें कायदा यंत्राच्या पुढेंच धांवत होता. पावसाचें कारण द्यावें, तर हॉलंडांत पाऊस कांहीं कमी नाहीं. चढउतारांचें कारण द्यावें, तर स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ देशांत २०२३ सालीं विकल्या गेलेल्या दर पांच नव्या सायकलींपैकीं दोन विजेच्या होत्या. शिवाय चढ, समोरचा वारा आणि थकवा यांवर उतारा म्हणूनच तर ही मोटर निघाली. हीच अडचण खरी असती, तर तिचें सर्वांत मोठें स्वागत ब्रिटनमध्येंच व्हावयास पाहिजे होतें.

किंमतीच्या आक्षेपांत मात्र कांहीं तथ्य आहे. कामावर सायकलीनें जाणाऱ्या नोकरदारांसाठीं ब्रिटनमध्यें १९९९ सालीं करसवलतीची योजना निघाली. परंतु व्यवहारांत तिची मर्यादा बहुधा १००० पौंडांची असे, आणि चांगली विजेची सायकल याहून बरीच महाग पडे. ही मर्यादा २०१९ सालीं सैल झाली. त्यानंतर खप कांहींसा वाढला आणि पुन्हां थबकला. तेव्हां पैशापलीकडेंही कांहीं कारण असलें पाहिजे. तें कोणतें, याचें उत्तर ब्रिटिश लोकांनीं स्वतःच दिलें आहे. सरकारी पाहणींत वारंवार असें आढळून आलें कीं, दर दहा प्रौढ माणसांपैकीं सहा-सातांस रस्त्यावर सायकल चालविणें आपल्यापुरतें धोक्याचें वाटतें. मोटर पायांचे श्रम हलके करते. मनांतील भीति हलकी करण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं.

ही भीति जन्मजात नव्हे. तिला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन हा सायकलस्वारांचाच देश होता. १९४९ सालीं तेथील लोकांनीं मिळून सुमारें १५ अब्ज मैलांचा प्रवास सायकलीवरून केला. १९७३ सालीं हाच आंकडा सव्वादोन अब्जांच्या जवळपास उतरला. चोवीस वर्षांत रस्ता मोटारगाडीच्या स्वाधीन झाला. रस्त्यालगत सायकलीचा वेगळा मार्ग बांधण्याचा प्रयोग तेथें पूर्वी झाला नव्हता असें नाहीं. लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यूवर असा मार्ग वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनीं डिसेंबर १९३४ मध्यें खुला केला. परंतु त्याला विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेनें. आज वेगळी वाट दिली, उद्यां मुख्य रस्त्यावरून हुसकून लावतील, अशी त्यांची धास्ती होती. ती निराधार होती असें म्हणवत नाहीं. पण हक्क राखण्याच्या भरांत सुरक्षित वाटेची मागणी मागें पडली, आणि पुढें हक्क कागदावर राहून रस्ता हातचा गेला.

अशा रस्त्यावर जानेवारी १९८५ मध्यें सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं आपली ‘सी ५’ नांवाची विजेची तिचाकी उतरविली. स्वस्त गणकयंत्रें घरोघर पोंचविल्यामुळें त्यांचें नांव देशभर झालें होतें. वाहनाची किंमत ३९९ पौंड, वेग ताशीं १५ मैल. पण चालकाची बैठक इतकी सखल कीं, लॉरीच्या चाकाशेजारीं त्याचें डोकें यावें! तो इतरांस दिसावा म्हणून उंच काठी विकत घेऊन वाहनास लावण्याची सोय होती. सुमारें १४ हजार वाहनें तयार झालीं; कंपनी बुडेपर्यंत त्यांपैकीं पांच हजारांच्या आसपासच खपलीं. लोकांनीं दोष यंत्राला दिला, आणि तो सर्वस्वीं चुकीचा नव्हता. तथापि काठी विकत घेऊन आपलें अस्तित्व जाहीर करावें लागतें, तेथें दोष रस्त्याचाही आहे, हें कोणाच्या फारसें लक्षांत आलें नाहीं. विजेचें छोटें वाहन म्हणजे थट्टेचा विषय, एवढें मात्र लोकांच्या मनांत पक्कें बसलें.

आतां हॉलंडकडे वळूं. डच लोक जात्याच सायकलवेडे, असें म्हणण्याची रीत आहे. परंतु १९५० नंतरच्या वीस वर्षांत तेथेंही सायकल झपाट्यानें हटत होती व शहरांतील चौक मोटारींच्या तळांनीं भरून गेले होते. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यावरील अपघातांत सुमारें ३३०० माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. एका डच पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्याच वर्षीं सायकलवरून शाळेस जातांना मोटारीखालीं सांपडून मरण पावली. पुढील वर्षीं त्यानें वृत्तपत्रांत लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘बालहत्या थांबवा’. त्या मथळ्याचीच चळवळ झाली. आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या. इतक्यांत १९७३ चें तेलाचें संकट आलें, सरकारनें मोटारीविना रविवार पाळावयास लावले, आणि मोकळा रस्ता कसा दिसतो हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यानंतर टिलबर्ग व हेग येथें सायकलमार्गांचे प्रयोग झाले, आणि हळूहळू सुमारें ३५ हजार किलोमीटरांचें जाळें देशभर पसरलें.

केवळ मार्ग बांधल्यानें मात्र हें साधत नाहीं. लंडनच्या उत्तरेस वसविलेल्या स्टीव्हनेज या नव्या नगरांत एरिक क्लॅक्स्टन नांवाच्या स्थापत्यविशारदानें सायकलींसाठीं स्वतंत्र व उत्तम मार्ग आंखले. तरीही तेथील रहिवासी मोटारींतच बसले, कारण मोटारीचे रस्तेही तितकेच सोयीचे होते. उलट डच शहर ग्रोनिंगन यानें १९७७ सालीं आपल्या मध्यवस्तीचे चार भाग पाडले आणि एका भागांतून दुसऱ्यांत मोटारीनें थेट जाण्यास बंदी केली. मोटारीस वळसा, सायकलीस सरळ वाट! सायकलीला जागा देतांना मोटारीकडून कांहीं काढून घ्यावें लागतें, हें कटु सत्य ग्रोनिंगननें पचविलें, स्टीव्हनेजनें टाळलें.

म्हणून विजेची सायकल जेव्हां हॉलंडांत आली, तेव्हां तिला कांहींच नवें घडवावें लागलें नाहीं. साठी उलटलेले आजी-आजोबा प्रथम तिच्यावर बसले. गुडघे थकले तरी बाजार, मुलांचीं घरें, स्नेह्यांची भेट त्यांच्या आटोक्यांत राहिली. पुढें तरुणांनींही ती उचलली. ब्रिटनमधील त्याच वयाचा मनुष्य तेंच यंत्र विकत घेऊं शकतो. पण दारापासून दुकानापर्यंतचा निर्धास्त एक मैल त्याला कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. म्हातारपणीं दुसऱ्याच्या मोटारीची वाट पाहत बसावें लागणें, हीच त्या उणिवेची खरी किंमत होय.

यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, साधनांच्या इतिहासांत शोधक आणि कारखाने यांच्याइतकेंच महत्त्व जमिनीच्या वांटणीला आहे. यंत्र वर्षभरांत परदेशांतून आणतां येतें. रस्त्यावरील दुबळ्याचा अधिकार एक पिढी झगडून मिळवावा लागतो. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, याची आठवण असलेल्या वाचकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.