पंधरा रुपये पेन्शन मागणाऱ्या बायका

दरेकसा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचं, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचं स्टेशन. माझं गाव. मे महिन्यात इथल्या बायका पहाटे जंगलात शिरतात, तेंदूची पानं तोडून आणतात आणि दुपारभर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. हीच पानं पुढे गोंदिया, कामठी, नागपूरच्या वस्त्यांत जातात आणि तिथे दुसऱ्या बायका त्यांच्या बिड्या वळतात. आमच्याकडच्या पुड्यांची मोजणी मी लहानपणापासून पाहिली आहे. दुसऱ्या टोकाच्या बायकांविषयी मात्र मी पुस्तकांतून वाचलं, आणि वाचताना १९४२ सालापाशी थांबले.

बिडी वळणाऱ्या बाईचं राजकारण मोजणीतच सुरू होतं. हजार बिड्या वळून नेल्या की मधला सट्टेदार त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी मिळायची नाही, आणि पुष्कळदा त्या बिड्याही परत मिळायच्या नाहीत. छाट कुठली हे कोण ठरवणार, हा प्रश्न सत्तेचाच आहे. कामठीत बाबू हरदासांनी बिडी कामगारांना संघटित केलं ते याच लुबाडणुकीविरुद्ध. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली, पस्तिशीतच, वारले. ‘जय भीम’ या अभिवादनाचं श्रेय त्यांना दिलं जातं, म्हणून त्यांचं नाव टिकलं. त्यांच्या संघटनेतल्या बायकांची नावं फारशी टिकली नाहीत.

एक नाव टिकलं ते जाईबाई चौधरींचं. तरुणपणी रेल्वे स्टेशनवर ओझी वाहिलेली ही बाई शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. सवर्णांनी मुलं पाठवायला नकार दिल्यावर ती नोकरी गेली. मग १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःचीच शाळा काढली. १९३७च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरच्या सुशिक्षित, सुधारक बायका आल्या होत्या. जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्या सोबतिणींना वेगळं बसवलं गेलं. लगेच, १ जानेवारी १९३८ रोजी, दलित स्त्रियांनी स्वतंत्र सभा घेऊन निषेध नोंदवला. गरीब बायकांना राजकीय भान कोणीतरी बाहेरून आणून देतं, असं आपण सहज बोलून जातो. इथे तर भान देणाऱ्यांच्याच पंगतीत बसल्यावर आपली वेगळी सभा हवी, हे या बायकांना कळलं.

साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ला, नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर उपस्थित होते. पंचवीस हजार बायका आल्या होत्या, असं सांगितलं जातं. आकडा थोडा मागेपुढे झाला तरी त्या काळातल्या नागपुरासाठी ही गर्दी प्रचंडच. शिवाय यातल्या बहुतेक जणींना मतदानाचा हक्कच नव्हता. १९३५च्या कायद्यानुसार मत हवं तर मालमत्ता हवी, शिक्षण हवं, नाहीतर नवरा तरी मतदार हवा.

या परिषदेचे ठराव मी अनेकदा वाचले आहेत, कारण त्यात आकडे आहेत. माझं काम सॉफ्टवेअरचं. गिऱ्हाईक ‘चांगलं काहीतरी करा’ म्हणालं की आम्ही डोक्याला हात लावतो. या बायकांनी तसं म्हटलं नाही. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामकरी स्त्रियांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा. कामावर इजा झाली तर भरपाई. वीस वर्षं काम केलेल्या बाईला महिना किमान १५ रुपये पेन्शन. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच. प्रत्येक प्रांतात ५० मुलींसाठी सरकारी वसतिगृह. शिवाय घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी. आणि विधिमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी राखीव जागा! मत नसलेल्या बायकांनी थेट जागा मागितल्या. सुलोचनाबाई तर अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाबद्दल बोलल्या. हजारोंच्या सभेत, १९४२ साली.

या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकामुळे. ते यायला १९८९ उजाडलं. तोवर त्या महिन्याच्या इतिहासात सगळी जागा तीन आठवड्यांनी आलेल्या ऑगस्ट क्रांतीने घेतली होती.

मागण्यांचं पुढे काय झालं, तेही तारखांनीच सांगते. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा १९६६ साली झाला. स्थानिक संस्थांत एक तृतीयांश राखीव जागा १९९३ साली आल्या. संसद आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, तीही पुढची जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधून. बिडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला १९७७ साली. त्यातून मिळणारी किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे.