मिठाचे तास

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या प्लेटिंगवाल्यांना ‘सॉल्ट स्प्रे किती तास?’ हा प्रश्न रोजचाच. बंद पेटी, 35 अंश तापमान, 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. ठरलेले तास नट-बोल्ट गंजला नाही की माल पास. ओझरला 1964 पासून एचएएलचा विमान कारखाना आहे, पण समुद्र सह्याद्रीपलीकडे. तो इथे पेटीतच भेटतो. जेट इंजिनाला मात्र या पेटीतले तास पुरत नाहीत.

‘लक्ष्य’चंच घ्या. नेमबाजीच्या सरावाचं हे वैमानिकाविना उडणारं विमान. एचएएलचं छोटं पीटीएई-7 इंजिन, सुमारे 380 किलो थ्रस्टचं. सराव संपला की पॅराशूटने समुद्रात. बाहेर काढायचं, धुवायचं, पुन्हा उडवायचं. धुण्यात हयगय झाली तर पुढे काय, त्याचा हा क्रम. तो एका विशिष्ट उड्डाणाचा नाही, आणि तासही ढोबळच.

0 तास : तापलेल्या टर्बाइनवर समुद्र आदळतो. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार कॉम्प्रेसरपासून बेअरिंगपर्यंत शिरतात.

पहिला तास : बोट येते, विमान उचललं जातं. सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि घात इथेच सुरू होतो. खाऱ्या पाण्याची ओली फिल्म आणि मोकळी हवा, गंजाला आणखी काय हवं? समुद्रातून काढलेले ब्लॅक बॉक्स गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत नेतात, ते याचसाठी.

तिसरा तास : बाहेरून होजपाइप मारला. चकचकीत दिसतं. आत, जिथे पोलाद हलक्या मिश्रधातूला टेकतं, तिथे खारं पाणी दोघांची बॅटरी करून टाकतं. हलका धातू झिजू लागतो.

रात्र : पाणी उडतं, मीठ राहतं. दमट हवेत ते पुन्हा पाझरतं. बेअरिंगच्या गोळ्यांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे.

पुढचं उड्डाण, पहिली मिनिटं : आकडे ठीक. पण उरलेलं मीठ इंधनातल्या गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होतं. सातशे-आठशे अंशांना ते पात्यांचं संरक्षक कवच खाऊ लागतं. हे काम हळू चालतं. बेअरिंगला तेवढी सवड नसते.

शेवटची मिनिटं : खड्ड्याच्या कडेने धातूचा पापुद्रा सुटतो. कंपन वाढतं, शाफ्ट तसूभर सरकतो, पाती केसिंगला घासतात. आरपीएम कोसळतो, ज्वाला विझते.


खाली पुन्हा समुद्र.