न झालेलं वादळ आणि मोखाड्यातला भात

जगातल्या सर्वात भीषण चक्रीवादळांची यादी नेटवर शोधली, की त्यात एक नोंद बरेचदा सापडते: ६ जून १८८२, मुंबई, मृत १ लाख. वाचून दचकायला होतं. एवढं मोठं प्रकरण शाळेच्या पुस्तकात कसं नव्हतं?

जरा हिशोब करून बघा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती सुमारे ७ लाख ७३ हजार. म्हणजे दर आठ मुंबईकरांमागे जवळपास एक जण गेला! कुलाब्याला वेधशाळा होती, शहरात वर्तमानपत्रं होती. त्यांच्या नजरेतून हे सुटेल? हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पुरावे पाहता हे वादळ झालंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, असेना का एक चुकीची नोंद, बिघडलं काय? बिघडतं, कारण नुकसानीचा अंदाज इतिहासावरच उभा असतो. १९९२ साली फ्लोरिडात ‘अँड्र्यू’ वादळ आलं आणि कित्येक विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर कॉम्प्युटर मॉडेल्सना खरा भाव आला. त्यांची रीत साधी आहे. जुन्या वादळांवरून हजारो काल्पनिक वादळं तयार करायची, त्यांच्या वाटेत काय काय येतं ते मोजायचं आणि किती वाऱ्याला किती मोडतोड होईल ते काढायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, त्यामुळे वेगातली छोटी चूकसुद्धा महागात पडते. खोटी नोंद आत गेली, की उत्तरही खोटंच. आपल्या धंद्यातला जुनाच नियम: कचरा घाला, कचरा काढा.

पण मला जास्त छळते ती उलटी चूक, म्हणजे जे घडतं पण मोजलंच जात नाही ते.

३ जून २०२० चं ‘निसर्ग’ आठवा. हरिहरेश्वर ते दमण अशा पट्ट्याला इशारा होता, त्यात पालघरही आलं. वादळ शिरलं श्रीवर्धनजवळ. रायगड-रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. भरपाई ठरली हेक्टरी ५० हजार. पण पोफळ पुन्हा धरायला लागणारी वर्षं हेक्टरात कशी मोजणार?

आता त्याच पालघर जिल्ह्यातलं मोखाडं घ्या. समुद्रापासून साठ-सत्तर किलोमीटर आत, डोंगरात. इथवर येईपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरतो, पाऊस मात्र पोचू शकतो. कुडाच्या भिंती, वर कौलं नाहीतर पत्रे. शेतात भात, नाचणी, वरई. हवामान खात्याच्या इशाऱ्यात अपेक्षित नुकसानही दिलेलं असतं: कच्ची घरं, विजेचे खांब, उभी पिकं. पण ‘फयान’ आलं होतं ११ नोव्हेंबरला, २००९ साली. त्या सुमारास भात उभा नसतो, कापून शेतात नाहीतर खळ्यावर पडलेला असतो. त्या भातावर दोन दिवस पाऊस पडला, की तो काळा पडतो, त्याला कोंब येतात.

रुपयांत हा आकडा किती होईल? मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांपेक्षाही कमी. पण तो घराचा वर्षाचा दाणा असतो. तो गेला, की कुटुंब लवकर वीटभट्टीकडे निघतं, पोरांची शाळा सुटते. ज्या १९९२ साली फ्लोरिडात विमा कंपन्या बुडाल्या, त्याच साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालकं दगावली होती. इतक्या काठावर जगणाऱ्या घराला किती पोती भात भिजला हे विचारायला हवं, किती रुपये बुडाले हे नंतर.

म्हणून इशारा आला, की फक्त वेग आणि रुपये पाहून भागणार नाही. कापणी झाली का? भात कुठे पडलाय? झाकायला ताडपत्री आहे का? या तीन प्रश्नांना सुपरकॉम्प्युटर लागत नाही, तलाठ्याची वही पुरते. न झालेल्या वादळाचे लाख मृत आपण इतकी वर्षं मोजत आलो. भिजलेल्या भाताला एक रकाना द्यायला काय हरकत आहे?