‘हकीकत’मध्ये न दिसलेली हकीकत : तिबेट, १९६२ आणि बाबासाहेबांचा इशारा

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की १९६२ च्या चीन युद्धाची आठवण निघते. २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. या महिनाभराच्या आठवणीसोबत एक चित्रपटही हमखास येतो. चेतन आनंद यांचा १९६४ चा ‘हकीकत’. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, प्रिया राजवंश अशी नटमंडळी, मदनमोहन यांचे संगीत, कैफी आझमी यांची गीते आणि शेवटी रफीसाहेबांच्या आवाजातले ते गाणे, जे आजही १५ ऑगस्टला प्रत्येक शाळेत वाजते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीतला पहिला मोठा युद्धपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

हा चित्रपट आम्ही आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात दाखवला. नववी-दहावीची मुले होती. गाणे संपले तेव्हा दोन-तीन मुलींच्या डोळ्यांत पाणी होते. मग एका मुलाने विचारले, "सर, यांना अशा कपड्यांत तिकडे पाठवले कुणी?" आम्ही चित्रपट मनातल्या मनात पुन्हा चाळला. या प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नाही. चित्रपटाचे नाव ‘हकीकत’, आणि नेमकी हकीकतच गायब! म्हणून हा लेख.

आमचा आक्षेप सैनिकांच्या शौर्यावर नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नाहीतर देशभक्तीचे ठेकेदार लगेच अंगावर येतात. आमचा आक्षेप त्या शौर्याच्या आड जे लपवले गेले त्यावर आहे.

चित्रपट काय सांगतो?

लडाखमधली एक तुकडी, संख्येने कितीतरी पट मोठा शत्रू, पहिली गोळी आपण झाडायची नाही असा हुकूम, आणि बर्फात एकामागून एक पडणारे जवान. या सगळ्याचे कारण म्हणून चित्रपटाकडे एकच शब्द आहे : विश्वासघात. आपण ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ म्हणालो, त्यांनी पाठीत खंजीर खुपसला. आपण भोळे, ते कपटी. विषय संपला.

चित्रपट नेहरूंना आणि लडाखमध्ये लढलेल्या जवानांना अर्पण केलेला आहे. ज्यांनी निर्णय घेतले ते आणि त्या निर्णयांची किंमत ज्यांनी मोजली ते, दोघे एकाच ओळीत! मग निर्णयाची चिकित्सा होणार कशी? आपल्याकडे असेच चालते. व्यवस्थेच्या चुकीला नशिबाचे नाव द्यायचे, मेलेल्याला हार घालायचा आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचे. जातिव्यवस्थेने हजारो वर्षे हेच केले, म्हणून आम्हाला ही युक्ती लवकर ओळखू येते.

विश्वासघात एका रात्रीत होत नाही. त्याआधीची बारा वर्षे बघावी लागतात.

बारा वर्षांचा हिशेब

१ ऑक्टोबर १९४९ रोजी चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि ३० डिसेंबरला भारताने तिला मान्यता दिली. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा तिबेटमध्ये घुसल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना सविस्तर पत्र लिहून उत्तर सीमेवरच्या धोक्याची जाणीव करून दिली. त्याच महिन्यात तिबेटने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. तो प्रश्न तिथे मांडायला कोण पुढे आले? हजारो मैलांवरचा एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश. आणि शेजारी भारताने काय केले? प्रश्न शांततेने सुटेल असे सांगून चर्चा पुढे ढकलण्याच्या बाजूने उभा राहिला. मे १९५१ मध्ये तिबेटला सतरा कलमी करारावर सही करावी लागली.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करार झाला, तोच प्रसिद्ध ‘पंचशील’ करार. त्यात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा आहे. ग्यांत्से आणि यातुंग इथल्या आपल्या लष्करी तुकड्या आपण मागे घेतल्या. तिबेटमधली टपाल-तार व्यवस्था आणि बारा विश्रामगृहे चीनच्या हवाली केली. बदल्यात सीमा कुठून जाते हे त्या करारात लिहून घेतले का? नाही. देणारा सगळे देऊन मोकळा झाला आणि घेणाऱ्याने पावतीसुद्धा दिली नाही.

१९५७ मध्ये चीनने अक्साई चीनमधून शिनजियांग-तिबेट रस्ता पूर्ण केला. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा हा टापू. आपला लेखी निषेध गेला १९५८ मध्ये, आणि संसदेला ही गोष्ट कळली ऑगस्ट १९५९ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. आपण त्यांना आसरा दिला, ही अभिमानाचीच गोष्ट. पण त्याच वर्षी तिबेटमधल्या मानवी हक्कांवरचा ठराव संयुक्त राष्ट्रसंघात आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. तशा ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले ते १९६५ मध्ये, म्हणजे स्वतःला मार बसल्यानंतर.

बाबासाहेब काय म्हणाले होते?

"तेव्हा कुणाला कल्पना होती?" असा प्रश्न नेहरूंचे समर्थक विचारतात. कल्पना होती, आणि ती संसदेच्या कामकाजात छापलेली आहे.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला सभागृहात त्यांना निवेदन करता आले नाही, ते बाहेर प्रसिद्ध करावे लागले. हिंदू कोड बिलासाठी राजीनामा दिला एवढेच आपल्या लोकांना पाठ असते. पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरण हे एक स्वतंत्र कारण आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा जगात आपले वाईट चिंतणारे कुणी नव्हते आणि चार वर्षांत आपल्या ठरावाला अनुमोदन द्यायलाही कुणी उरले नाही, असे त्यांनी लिहिले. पुढे त्यांनी हिशेब मांडला. वर्षाचा महसूल ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर. मित्र नसलेल्या देशाला सगळा खर्च एकट्याने उचलावा लागतो, आणि मग शिक्षण, दवाखाने, दलितांचे उत्थान यासाठी तिजोरीत काय उरणार?

इथे थांबून विचार करा. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय, वस्तीतल्या माणसाला त्याचे काय, असे आपल्यालाही वाटते. बाबासाहेबांनी त्याचा सांधा थेट वस्तीतल्या शाळेशी जोडला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला हे कुणी शिकवले नाही, ते निवेदन वाचूनच कळले.

त्याच निवेदनात काश्मीरबद्दल बोलताना त्यांनी लडाखचाही विचार केला. संपूर्ण राज्याचे एकत्र सार्वमत घेतले तर तिथल्या हिंदू आणि बौद्धांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाकिस्तानात ओढले जाईल, ही त्यांची चिंता होती. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात तर सरळ विचारले होते की चीनची लढाई भारताने का लढावी? चीनला राष्ट्रसंघात कायमची जागा मिळवून देण्यापेक्षा ती स्वतःसाठी मागा.

मग आले २६ ऑगस्ट १९५४ चे राज्यसभेतले भाषण. करार होऊन चार महिने झाले होते, सगळीकडे पंचशीलाचा जयघोष चालू होता. बाबासाहेबांनी विचारले ते असे : पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे, माओंचा त्यावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द आपल्या दारापर्यंत आणून ठेवली, हेही त्यांनी बजावले. आठ वर्षांनी तेच घडले.

याच भाषणात त्यांनी गोव्याचा विषय काढला. सुरुवातीलाच छोटी पोलीस कारवाई केली असती तर गोवा मिळाला असता, सरकार नुसते ओरडत राहिले, असे ते म्हणाले. पुढे काय झाले? १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले आणि डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर गेले तेव्हा दोन दिवसांत काम फत्ते झाले. जे करता येत होते ते करायला चौदा वर्षे लागली.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की १९५० मध्ये भारताने तिबेटसाठी युद्ध करायला हवे होते का? नाही. नुकत्याच फाळणीतून बाहेर पडलेल्या देशाला ते झेपले नसते, आणि बाबासाहेबांनीही तशी मागणी केली नव्हती. युद्ध आणि स्वस्थ बसणे यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी असतात. राष्ट्रसंघात तिबेटची बाजू मांडता आली असती, मान्यता देताना सीमेची अट घालता आली असती, मित्र जोडता आले असते. यातले काही केले नाही. आणि नोव्हेंबर १९६१ पासून पुरेसे सैन्य, रस्ते, रसद नसताना पुढे पुढे चौक्या उभारायचे धोरण आखले. जेव्हा बोलायचे तेव्हा गप्प, आणि ताकद नसताना पाऊल पुढे! निष्क्रियता आणि उतावळेपणा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोन्हीकडे वास्तवाचा हिशेब नसतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाबासाहेबांचा कल पाश्चात्त्य लोकशाही देशांकडे होता, ‘सीटो’ करार झटकून टाकू नये असे त्यांचे मत होते. पाकिस्तान त्या करारात गेला आणि त्याच्या वाट्याला काय आले? लष्करशाही. हा मुद्दा आम्ही नाकारत नाही. बाबासाहेबांच्या पर्यायावर चर्चा जरूर व्हावी, त्यांनाही पोथीनिष्ठ अनुयायी नकोच होते. पण १९ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनीच केनेडींना पत्र लिहून लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या मागितल्या, हेही विसरू नका. स्वतःच्या अटींवर जी मैत्री १९५१ मध्ये करता आली असती, ती अकरा वर्षांनी हात पसरून मागावी लागली.

मेले कोण?

सरकारी आकड्यांनुसार तेराशेहून अधिक जवान मारले गेले, सोळाशेहून अधिक बेपत्ता झाले, चार हजारांच्या आसपास कैद झाले. १८ नोव्हेंबरला रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांच्यासोबत १३ कुमाऊँची जी कंपनी लढली, तिच्यातले बहुतेक जवान अहीर, म्हणजे शेतकरी-गोपालक घरांतली पोरे. त्यांचे गोठलेले मृतदेह १९६३ च्या सुरुवातीला एका लडाखी मेंढपाळाच्या नजरेस पडले. तोवर तिथे काय झाले ते देशाला नीट ठाऊकही नव्हते. धोरण ठरवणाऱ्यांच्या घरातले किती जण त्या खिंडीत होते, हा प्रश्न विचारायला हवा. चित्रपट विचारत नाही.

आणि लडाखी माणूस? ‘हकीकत’मध्ये लडाख म्हणजे अंगमो नावाची सुंदर मुलगी, तिचे कॅप्टनवरचे प्रेम आणि शेवटी बलिदान. ती भूमिकासुद्धा लडाखी मुलीला मिळालेली नाही. सीमेपलीकडे आपल्याच धम्माच्या माणसांचा देश गिळला गेला, याने लडाखच्या बौद्धांवर काय गुजरली? पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार, मठांचे नाते, चराऊ कुरणे तुटली, त्याचे काय? याबद्दल अवाक्षर नाही. तिबेट तर या चित्रपटात जणू अस्तित्वातच नाही. ज्या प्रश्नातून युद्ध निघाले तोच कापून टाकला तर उरते फक्त रडू.

आजची गोष्ट

पराभवानंतर कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितले जाते. पण त्याच काळात पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, तो आजवर कुठल्याही सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. काँग्रेसने नाही, भाजपनेही नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल काही मंडळी नेहरूंना झोडपायला बाबासाहेबांचे १९५४ चे भाषण वापरतात. त्यांना आमचा प्रश्न आहे. जून २०२० मध्ये गलवानमध्ये २० जवान शहीद झाले आणि चारच दिवसांत पंतप्रधानांनी सर्वपक्षीय बैठकीत सांगितले की आपल्या हद्दीत कुणी घुसलेले नाही. मग ते जवान कुठे आणि कशासाठी मेले? संसदेत यावर सविस्तर चर्चा का झाली नाही? लडाखचे लोक आज सहाव्या अनुसूचीची आणि राज्याच्या दर्जाची मागणी करतात, तर त्यांच्याकडे संशयाने का पाहिले जाते? राजीनाम्याच्या निवेदनातले परराष्ट्र धोरणाचे पान तेवढे फाडून घ्यायचे आणि हिंदू कोड बिलाचे, अनुसूचित जातींच्या उपेक्षेचे पान फेकून द्यायचे, हा बाबासाहेबांचा आदर नव्हे. घ्यायचे असेल तर सगळे निवेदन घ्या.

आमची मागणी साधी आहे. हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल जनतेसमोर ठेवा. २६ ऑगस्ट १९५४ चे भाषण महाविद्यालयांत शिकवा. आणि आपल्या मुलांना ‘हकीकत’ जरूर दाखवा, पण तो संपल्यावर दिवा लावून त्यांना प्रश्न विचारू द्या. शहिदांना खरी आदरांजली वाहायची असेल तर ते का मेले याचा जाब सत्तेला विचारावा लागेल, मग सत्ता कुणाचीही असो.

जय भीम!