उंदरांचे विष, हृदयाचे औषध आणि रुग्णालयातून घरी येणारी वाट

धागा : १/९
फेब्रुवारी १९३३. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी भर हिमवादळात मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. सोबत मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त. बुरशी लागलेला क्लोव्हर चारा खाऊन त्या भागातील गुरे रक्तस्रावाने मरत होती.

२/९
रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या चमूने १९३९ मध्ये त्या चाऱ्यातील घातक द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातील ‘वॉरफरिन’ १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध ठरले. १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

३/९
रक्ताची गुठळी रोखणाऱ्या या औषधाने असंख्य प्राण वाचवले. मात्र त्याची मात्रा कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर रक्ततपासणी अटळ. रुग्णालयात ती परिचारिकेच्या लक्षात असते. घरी ती कोणाच्या लक्षात राहणार?

४/९
वार्धक्यात मूत्रपिंडांची गती मंदावते, औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात आणि गोळ्यांची संख्याही वाढते. १९९१ मध्ये डॉ. मार्क बिअर्स व सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. ‘बिअर्स निकष’ म्हणून ती आजही वापरात आहे.

५/९
परंतु कोणते औषध टाळावे, एवढेच ती यादी सांगत होती. धोका नेमका केव्हा वाढतो, हा प्रश्न उरलाच. २००३ मध्ये अ‍ॅलन फॉर्स्टर यांच्या चमूने डिस्चार्ज मिळालेल्या ४०० रुग्णांचा मागोवा घेतला. घरी गेल्यावर काही आठवड्यांतच ७६ जणांना उपचारांमुळेच अपाय झाला होता. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश अपाय औषधांचे होते.

६/९
२००५ मध्ये एरिक कोलमन यांच्या चमूने ६५ वर्षांवरील ३७५ रुग्ण पाहिले. सुमारे १४ टक्के रुग्णांच्या औषधांत तफावत आढळली. अशा रुग्णांपैकी १४.३ टक्के ३० दिवसांत पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. इतरांत हे प्रमाण ६.१ टक्के होते. तफावतीची जवळपास निम्मी कारणे व्यवस्थेची होती. ‘आजोबा विसरले’ एवढ्यावर दोष संपत नव्हता.

७/९
२०११ मध्ये डॅनियल बडनिट्झ यांच्या अभ्यासाने चित्र पालटले. औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने दाखल कराव्या लागलेल्या अमेरिकन वृद्धांपैकी सुमारे एक-तृतीयांश प्रकरणांत कारण होते तेच जुने वॉरफरिन! इन्सुलिन, गुठळीरोधक गोळ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या धरल्यास हा वाटा दोन-तृतीयांशांवर जातो. बिअर्स यादीतील औषधांचा वाटा त्यामानाने अल्प होता. म्हणजे संकट ‘वाईट’ औषधांपेक्षा आवश्यक, पण देखरेख सुटलेल्या औषधांचे अधिक होते.

८/९
हे घडते कसे? वॉरफरिन घेणाऱ्या आजींना रुग्णालयात एखादे प्रतिजैविक सुरू होते. काही प्रतिजैविकांमुळे वॉरफरिनचा प्रभाव वाढतो, पण पुढील रक्ततपासणीची तारीख कागदावर नसते. किंवा नव्या नावाची गोळी घरी येते आणि तेच औषध जुन्या नावाने डब्यात आधीपासून असते. दोन्ही घेतल्या जातात. मात्रा दुप्पट होते.

९/९
उपाय साधा आहे : जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून मेळ घालणे. २००५ पासून अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने हा मेळ सुरक्षाध्येयांत घेतला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधजन्य गंभीर, टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. तिच्या तीन प्रमुख विषयांपैकी एक होता एका उपचारस्थळाहून दुसरीकडे जाण्याचा टप्पा. डिस्चार्जच्या दिवशी घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : काय चालू, काय बदलले, काय बंद, पुढची तपासणी कधी? वृद्धांच्या बाबतीत तरी डिस्चार्जचा कागद हा उपचाराचा शेवट नसतो.